हंगामी राष्ट्राध्यक्षांचा चाटू

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चाटू आहे. माझ्या डोक्याला चीर आहे आणि मूठ एका बाजूने झिजली आहे. पण माझ्याइतकं राजकारण जवळून पाहिलेला चाटू तुम्हाला शोधूनही सापडायचा नाही.

वाऱ्याने पडलेल्या करितेच्या झाडाच्या फांदीतून एका म्हाताऱ्या सुताराने मला तासलं. तलातो नाबालुमच्या आईने लेकीच्या लग्नात मला तिच्या हाती दिलं. तलातो राजधानीच्या बाजारात खाणावळ चालवायची. सकाळी हंड्यात बाजरीचं पीठ पडलं की मी घट्ट सागबो घोटू लागे. काय ते दिवस! वाफेत मी न्हाऊन निघायचो आणि संध्याकाळी ती मला करितेच्या बियांचं लोणी चोळायची.

शेजारी आया तोए सागबोबरोबर खायचा भेंडीचा रस्सा विकायची. आया सामो जमातीची, तलातो मोसी जमातीची, म्हणजे दोघी थट्टेच्या सोयऱ्या. या नात्यात एकमेकींना वाटेल ते बोलावं, पण राग धरायचा नाही, असा आमच्या पूर्वजांचा नियम आहे.

"ए दासी, आज सागबो केलास की भिंतीचा चिखल?" आया ओरडायची.

"गप खा. मालकिणीच्या हातचं मिळतंय, नशीब समज!" तलातो म्हणायची.

बाजारातला नळ बंद पडला तेव्हा तलातोने पहिला मोर्चा नेला. नळ आला आणि तिला मोर्चांची चटकच लागली. पुढे मुदत संपली तरी राष्ट्राध्यक्ष खुर्ची सोडेनात. मग तिने बाजारातल्या साऱ्या बायकांना चाटू घेऊन रस्त्यावर बोलावलं. आमच्याकडे बाईने कोणावर चाटू उगारला की त्याहून मोठा अपमान नाही. त्या दिवशी चाटूंचं रानच उगवलं होतं! शिपायांनी बंदुका खाली केल्या आणि राष्ट्राध्यक्षांनी पळ काढला. आनंदाने मी मोडायचाच बाकी होतो.

निवडणुकीपर्यंत कारभार कोणी पाहायचा, यावर पक्षांचं जमेना. अखेर सगळ्यांनी तलातोला हंगामी राष्ट्राध्यक्ष केलं. "वर्षभरात निवडणूक घेईन आणि माझ्या हंड्याकडे परत जाईन," असं तिने मला हातात धरून साऱ्या देशाला सांगितलं.

कारभार तिने झकास केला. मला मात्र तिच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे माझे फोटो काढत. मी हुरळून गेलो, खोटं कशाला बोलू? पण वाफ नाही, लोणी नाही, वर थंड हवेचं यंत्र सारखं घरघरत असे. मी सुकत गेलो आणि एका दुपारी माझ्या डोक्याला चीर गेली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

वर्ष संपत आलं तसे सल्लागार म्हणू लागले, "बाई, निवडणूक पुढे ढकला. तुमच्यावाचून देशाचं कसं होणार?" आधी तलातो हसायची. मग ऐकू लागली. मग स्वतःच म्हणू लागली, "खरंच, कसं होणार?"

निवडणूक लांबवण्याच्या हुकमावर ती सही करणार, तेवढ्यात बाजारात पोचलेली कुणकुण ऐकून आया आत शिरली. "माझी दासी आत बसलीय," एवढं सांगून तिने रखवालदाराला हसवलं होतं. तिने कपाट उघडून मला बाहेर काढलं आणि चिरेवरून बोट फिरवलं.

"अगं दासी, देशाचं राहू दे. तुला साधा चाटू सांभाळता येईना!"

आणि तिने मला थेट तलातोवर उगारलं!

एक सल्लागार ओरडला, "शिपाई!" तलातोचा चेहरा ताठ झाला. ती माझ्याकडे बघत राहिली. ज्या चाटूने तिने खुर्ची रिकामी करवली होती, तोच आज तिच्यासमोर होता. आणि अचानक ती हसू लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. थट्टेच्या सोयरीवर रागवायची सोयच नव्हती!

"काय गं, माझ्या सागबोशिवाय तुझा रस्सा खपत नाही वाटतं?"

"कुत्रंसुद्धा हुंगत नाही," आया म्हणाली.

तलातोने हुकमाचा कागद टराटरा फाडला. निवडणूक ठरल्या दिवशीच झाली आणि आम्ही तिघं बाजारात पुन्हा एकत्र आलो. पहिल्याच दिवशी गरम सागबोत बुडताना मी किती सुखावलो, ते कसं सांगू!

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा जुना सोबती असेल. त्याला काचेत ठेवू नका. त्याला रोज कामाला लावा, धुवा, प्रेमाने लोणी चोळा. तलातो हल्ली मला चुलीजवळच्या खिळ्याला टांगते, आयाचा हात सहज पोचेल इतक्या अंतरावर.