माझा वेगाचा काटा थांबला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे, पण तुम्ही लांबच्या प्रवासाला जाता तसले नव्हे. माझ्यात दोनच माणसे बसतात, तीही खांद्याला खांदा लावून. जेवणाचा डबा न्यायचा झाला तर तो मांडीवर घ्यावा लागतो. लोक माझ्यात बसतात ते कुठे पोहोचायचे म्हणून नाही, तर निव्वळ उडण्याच्या हौसेने.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. मी सुट्ट्या भागांच्या रूपात, सात खोक्यांतून, एका घड्याळजीच्या घरी आले. सोबत एक जाडजूड पुस्तक होते. कोणता भाग कुठे बसवायचा याची चित्रे त्यात होती. या घड्याळजींना सगळे काका म्हणत. दिवसभर ते दुकानात डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळे दुरुस्त करत आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन माझी हाडे जोडत. त्यांची मोटार बिचारी चार वर्षे बाहेर उन्हात उभी राहिली.

काकू पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवत. माझ्या पंखांचे कापड त्यांनीच बसवले. ते आतल्या फासळ्यांना टाक्याटाक्याने बांधावे लागते.

"पुस्तकात दोन टाक्यांमध्ये चार बोटं अंतर सांगितलंय," काका म्हणाले.

"या पंखाखाली मला बसायचंय, पुस्तक लिहिणाऱ्याला नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तीन बोटांवर टाका घातला.

सरकारी तपासनीस आले. त्यांनी मला ठोकून पाहिले, हलवून पाहिले, आणि कागदावर सही केली. मग गावाबाहेरच्या एका गवताळ मैदानावर माझा मुक्काम हलला. तिथे पत्र्याची लांब शेड होती, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी होती आणि माझ्यासारखीच नऊ छोटी विमाने होती. माझ्या शेजारी उभे असायचे ते पिवळे विमान एका ड्रायव्हरबाईंचे. त्या आठवड्यातले सहा दिवस शहरात बस चालवत आणि रविवारी आकाशात जात. "इथे मागून कुणी हॉर्न वाजवत नाही," असे त्या म्हणत.

ती वर्षे फार सुखाची होती. रविवारी आम्ही चार-पाच विमाने मिळून दुसऱ्या एखाद्या मैदानावर नाश्त्याला जायचो. काका मला चालवत, काकू नकाशा धरत. खाली दिसणारी नदी कोणती यावरून दोघांचे हटकून वाजायचे, आणि बहुतेक वेळा काकूंचेच खरे ठरायचे. मेळाव्यात माझ्याभोवती माणसे गोळा होत. हे घरी बांधले यावर कुणाचा विश्वास बसत नसे.

"पंख हिचे, बाकी सगळं माझं," काका सांगत.

"म्हणजे उडतं ते माझं आणि आवाज करतं ते यांचं," काकू म्हणत, आणि सगळे हसत. मलाही तेव्हा अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटे.

मग काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी विमान चालवायला साफ मनाई केली. काका मैदानावर यायचेच थांबले. मला नुसते पाहून परत जाणे त्यांना जमत नव्हते, असे काकू ड्रायव्हरबाईंना सांगत होत्या ते मी ऐकले. दीड वर्ष मी शेडच्या कोपऱ्यात उभे राहिले. अंगावर धूळ साचली, चाकांतली हवा गेली, पाठीवर कबुतरे बसू लागली. मला राग नाही आला, मित्रांनो. फक्त दार वाजले की वाटायचे, काकाच असतील.

याच काळात एक गोष्ट घडली. माझ्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी बारीक नळी आहे. उडताना तिच्यात वारा शिरतो आणि त्यावरून समोरचा काटा माझा वेग दाखवतो. त्या नळीवरचे टोपण गळून पडले होते. एक कुंभारीण माशी आली, तिने नळीत चिखलाचे घर बांधले आणि ती निघून गेली. मला ते कळत होते, पण सांगणार कसे?

पुढे काकांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. दृष्टी स्वच्छ झाली, परवानगीही मिळाली. दोन आठवडे त्यांनी मला घासूनपुसून काढले. मेकॅनिककडून इंजिन तपासून घेतले, जुने पेट्रोल काढून नवे भरले. उडण्याच्या दिवशी सकाळी ते हातात यादी घेऊन माझ्याभोवती फिरू लागले. प्रत्येक भागाला हात लावायचा आणि यादीत खूण करायची, ही त्यांची पद्धत. ते डाव्या पंखापाशी आले, तेवढ्यात एका जुन्या मित्राने मागून येऊन त्यांना मिठी मारली. "आलात एकदाचे," तो म्हणाला. दोघांचेही डोळे भरून आले. मित्र गेल्यावर काकांनी पुन्हा यादी उघडली, पण एक ओळ सोडून पुढची.

काकू शेजारी बसल्या आणि आम्ही उडालो. वर गेल्यावर काकांनी समोर पाहिले, तर वेगाचा काटा शून्यावर. त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या विमानाचा वेग उतरताना फार कमी झाला तर ते दगडासारखे पडते. वेग जास्त राहिला तर छोट्या मैदानात थांबत नाही आणि पलीकडच्या झाडांवर जाते. सवयीच्या हाताला अंदाज असतो, पण काकांचा हात दीड वर्ष बसून होता. त्यात वारा वाढू लागला होता.

"रेडिओवर सांगा," काकू म्हणाल्या.

"नको. पहिल्याच दिवशी शोभा होईल. मी उतरवतो अंदाजाने."

काकूंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिले. मग हात लांबवून स्वतःच रेडिओचे बटण दाबले. "आमचा वेगाचा काटा बंद पडलाय. कुणी जवळ आहे का?"

पलीकडून ड्रायव्हरबाईंचा आवाज आला. "आहे. मैदानाभोवती घिरट्या घालत राहा. आलेच."

थोड्याच वेळात ते पिवळे विमान आमच्या उजवीकडे येऊन संथ चालू लागले. इतके जवळ की ड्रायव्हरबाईंच्या गळ्यातला रुमाल दिसत होता, आणि इतके लांब की पंखाला पंख लागू नये.

"काका, आपण दोन बस आहोत असं समजा. मी पुढे जाणार नाही, मागे राहणार नाही. तुम्ही फक्त माझ्या शेजारी राहा. आत्ता वेग एकशे वीस आहे."

काकांचे हात ओले झाले होते. मला ते कळत होते, कारण मला वळवायची, वरखाली न्यायची दांडी त्यांच्या मुठीत होती.

"आता वळूया. एकशे दहा. नाक थोडं खाली घ्या. छान. आता शंभर."

गवत वर येऊ लागले. एकदा वाऱ्याने मला डावीकडे ढकलले. काकांनी सावरले. काकूंच्या हातात नकाशाची घडी चुरगळली होती.

"पंच्याण्णव. असंच राहू द्या. आता जमीन तुमची, मी वर जाते."

पिवळे विमान आवाज करत वर निघून गेले आणि माझी चाके गवताला टेकली. मी दोनदा उसळले, मग धावत धावत झाडांच्या बरेच अलीकडे थांबले. काकांनी इंजिन बंद केले.

"बटण दाबलंस ते बरं केलंस," काका म्हणाले.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी घड्याळाच्या चिमट्याने नळीतला चिखल काढला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. "यात कुंभारणीचा दोष नाही. मी बोलण्याच्या नादात एक ओळ सोडली. यापुढे तपासताना कुणी मध्ये आलं, तर पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करायचं. मीही, तुम्हीही." पुढच्या रविवारी काकूंनी दहाही विमानांच्या नळ्यांना लाल कापडाच्या टोप्या शिवून आणल्या.

आता काका ऐंशीचे आहेत. मी आता मैदानावरच्या विमान क्लबच्या मालकीचे झाले आहे आणि माझ्यावर नवी माणसे शिकतात. शिकणाऱ्याच्या पहिल्या उड्डाणाआधी काका माझ्या अंगात दोन चिठ्ठ्या लपवतात. त्या सापडेपर्यंत दांडीला हात लावू देत नाहीत.

गेल्या महिन्यात एक नर्सबाई आल्या. त्यांनी मला अगदी रोग्यासारखे तपासले. बोटे फिरवली, वाकून पाहिले, कान लावला. तासाभराने काकांसमोर येऊन त्यांनी दोन चिठ्ठ्या ठेवल्या.

"मिळाल्या. पण काका, शेपटीच्या बिजागरीतली पिन कुठे लपवलीत?"

काकांनी पिन लपवलीच नव्हती. ते सावकाश गुडघे टेकून माझ्या शेपटीपाशी बसले. सकाळी त्यांनी स्वतः तिथूनच नजर फिरवली होती. पिन खरोखरच नव्हती. ती तशीच राहिली असती आणि बिजागरी निसटली असती, तर हवेत माझे शेपूट ऐकेनासे झाले असते. त्या दिवशी उड्डाण रद्द झाले. उठायला काकांनी नर्सबाईंचा हात धरला, आणि उभे राहिल्यावरही तो लगेच सोडला नाही.

"आजपासून मी बघून झालं, की तुम्ही बघायचं," ते म्हणाले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना कुठे दुखते ते सांगता येत नाही. लांबून पाहून तर ते मुळीच कळत नाही. तुमच्या घरी सायकल असेल, शिलाईचे यंत्र असेल, आजोबांची चाकांची खुर्ची असेल. वापरण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. नुसते पाहू नका, हात लावा.