फोटूच्या आधी मीच ऐकलं होतं

मी औशाच्या मन्मथ डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप बोलतोय. लोक मला नळी म्हणतात. आधीच सांगून टाकतो, मी जळतोय. लातूर नवा जिल्हा झाला, तिथल्या दवाखान्यात एक्स-रेचं नवं यंत्र आलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

चौदा वर्षं मी या तालुक्याच्या छात्या न् पोटं ऐकली. आता पेशंट बाकावर टेकायच्या आतच म्हणतो, "नळी ऱ्हाऊ द्या, फोटू काढा." डॉक्टरही चिठ्ठी लिहून मोकळे! मी खिळ्यावर लोंबत राहतो.

यंत्र आल्यावर पुढं दुष्काळ पडला, तेव्हा केरबा आपल्या बायकोला, सरजाबाईला, सरकारनं काढलेल्या तलावाच्या दुष्काळी कामावरून बैलगाडीत घालून आला. दोन दिवस उलट्या. कामावर टँकरचं पाणी पिऊन सगळ्यांनाच उलट्या-जुलाब लागले होते, म्हणून हिलाही तिथं जुलाबाचीच गोळी मिळाली होती. पण हिला जुलाब नव्हतेच. शौच नाही, वारा सरत नाही, पोट मात्र टम्म फुगलेलं.

"फोटूच काढा, डॉक्टर," केरबा म्हणाला. बघा, इथंही तोच!

तेवढ्यात बाई कळ येऊन कळवळली आणि डॉक्टरांनी मला तिच्या पोटावर ठेवलं. कळेबरोबर आत खळखळ चढत गेली, मग रिकाम्या भांड्यात थेंब पडावेत तशी बारीक टणटण. वाट बंद झालेलं आतडं असंच धडपडतं. मी ओळखलं, डॉक्टरांनीही.

"पोटाचं ऑपरेशन झालंय का कधी?"

"न्हाई बा."

डॉक्टरांनी लुगडं जरा खाली सरकवलं. बेंबीखाली बोटभर व्रण.

"मग हे काय?"

"ते व्हय? ते क्यांपातलं हाय, लेकरं बंद करायचं. त्येला कुठं आपरेशन म्हंत्यात?"

तिथंच आत आतडं अडकलं असणार, असं म्हणत डॉक्टरांनी जीप मागवली.

लातूरला फोटो निघाला. फुगलेली आतडी, त्यांत पायऱ्यापायऱ्यांनी साचलेलं पाणी. "फोटो अगदी बोलका आहे!" तिथले सर्जन म्हणाले. बोलका! तेच मी दोन तास आधी सांगितलं, तेव्हा माझं कौतुक करायला कुणाची जीभ वळली नाही.

पोट उघडलं. जुन्या व्रणापासून गेलेल्या चिवट पट्ट्यानं आतडं आवळलं होतं. आणखी एक दिवस गेला असता तर बाई हाती लागली नसती.

पट्टा कापला, पण आतडं चालू होईपर्यंत पाण्याचा थेंबही बंद. "टँकर आला न्हाई व्हय वं?" सरजाबाई नर्सला पुन्हापुन्हा विचारायची.

तिसऱ्या दिवशी मन्मथ डॉक्टर भेटायला गेले. सर्जन म्हणाले, "तूच ऐक." मी पोटावर टेकलो. काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. भीतीनं मी त्या यंत्राचा मत्सरसुद्धा विसरलो. मग आतून हळूच गुरगुर आली.

"पाजा दोन चमचे पाणी," डॉक्टर म्हणाले. केरबानं घाईघाईनं चमचा भरला, पहिला तर उशीवरच सांडला.

टाके काढून घरी जाताना केरबा आमच्या दवाखान्यात आला. सर्जनकडून मागून घेतलेला फोटो उन्हाला धरून बाकावरच्या सगळ्यांना दाखवू लागला, "ह्या फोटूनं वाचिवली बघा!" मी तिथंच, हातभर अंतरावर, खिळ्यावर. जळू नको तर काय करू?

आता माझं रबर चिरलंय, भांडायचं बळ नाही. फोटो खुशाल काढा, पण आधी मिनिटभर मला पोटावर ठेवा. आणि बायांनो, क्यांपातलं ऑपरेशनसुद्धा ऑपरेशनच असतं. विचारलं की सांगत जा. ते मलाही ऐकू येत नाही, आणि त्या मेल्या यंत्रालाही दिसत नाही.