ह्यांचा अडुळसा

अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. गाय नुसती हुंगते आणि पुढं जाते. जनावरांना कळतं ते आमच्या बेबीला कधी कळलं नाही. तो कडूजहर पाला तिनं जन्मभर माझ्या घशाखाली उतरवला.

दोष माझ्या खोकल्याचा. शेलूबाजारकडच्या एका जिनिंगमध्ये मी उभी हयात काढली. कापसाची धूळ नाकातोंडात जायची, आणि संध्याकाळी जीपमधून उतरलो की घरापर्यंत खोकत यायचो. लग्न नवं होतं तेव्हाच बेबी मानोऱ्याकडच्या माहेराहून अडुळशाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. मला वाटलं, बायको माहेराहून लाडू आणते. हिनं काड्या आणल्या. त्यातली एकच जगली. आमची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी, म्हणून तिनं बुडाशी मुरूम आणि वाळू भरली, पाणी निघून जायला बारीक चर काढला आणि वर मलाच दम दिला.

"याले जास्त पानी चालत नाई. मुळं सडतात. तुमी हात लावू नका."

मी कशाला हात लावतो! हात तिचाच. उन्हाळा संपता संपता ती छाटणी करायची, मग पावसात झाड अंगणभर पसरायचं आणि पुढं पांढऱ्या फुलांवर माश्या घोंगावायच्या. पिकायला आलेलं पान नेमकं तोडायची, तव्यावर शेकायची, रस पिळायची, गुळाचा खडा टाकायची आणि मी चपला काढायच्या आत वाटी पुढं.

"प्या मुकाट्यानं. लेकरू हाय का तुमी?"

मी तोंड वाकडं करायचो, शिव्या घालायचो आणि प्यायचो. गावात कुणाला खोकला झाला तरी पाला आमच्याच अंगणातून जायचा. शेजारची रत्नमाला तर विचारायचीसुद्धा नाही, तोडायची आणि जायची. बेबीनं कुणाचा हात कधी धरला नाही.

आता ज्यासाठी बोलायला बसलो ते सांगतो. बेबी विसरायला लागली. आधी भाजीत दोनदा मीठ, मग नातेवाइकांची नावं, मग एक दिवस पोराला, अश्वजितला, तिनं विचारलं, "तू कोनाचा रे?" तो अकोल्याला नोकरीला आहे. त्यानं तिला तिथल्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं मेंदूचा फोटो काढला आणि सांगितलं, हे वाढत जाणार, सांभाळा. सांभाळा! हे सांगायला अकोला कशाला लागतं? आमची सून मंजुषा इथंच अंगणवाडीत शिकवते. ती रोज सांभाळतेच आहे.

सगळं गेलं, पण झाड तेवढं राहिलं. सकाळी उठली की बेबी झाडाला पाणी घालायची. घातलं हे विसरायची आणि पुन्हा घालायची. दिवसभर हेच. चर कधीच बुजला होता. काळ्या मातीत पाणी साचलं, मुळं गुदमरली आणि पानं पिवळी पडू लागली. पिवळं पान दिसलं की तिला वाटायचं, झाड तहानलं. मग आणखी पाणी. मी चर उकरला, तिनं तो पायानं सारखा केला. मी बादली लपवली, तर तांब्या घेऊन निघाली. तांब्या काढून घेतला तेव्हा अंगणात बसून रडली.

"झाडाले पानी पाजू देत नाईत हो हे लोक."

हे लोक म्हणजे मी. मी तांब्या परत दिला. दुसरं काय करणार होतो? तिच्या हातात एवढंच एक काम उरलं होतं आणि त्याच कामानं झाड मरत होतं. जिनिंगमध्ये मी जन्मभर हाताखालच्या माणसांवर ओरडून कामं करून घेतली, पण इथं ओरडायला जागाच नव्हती.

मी दुसरी युक्ती केली. मागच्या बाजूला तेलाच्या डब्यात तिच्याच झाडाच्या काड्या लावल्या, तिनं लावल्या होत्या तशाच तिरप्या. एक चांगली फुटली. बेबी दुपारी झोपली असताना ती अंगणात, जरा उंचावर, लावून टाकली. बेबी उठली, आली, वाकून पाहिलं आणि उपटून माझ्या हातात दिली.

"हे आमचं झाड नोहे."

झाड तिनं बरोबर ओळखलं.

मला ओळखणं त्याच सुमारास कमी होत गेलं. मी घरात असलो की ती पदर सावरून बसायची, परक्यासमोर बसावं तशी. मंजुषाला आत जाऊन विचारायची, "हे बाबाजी कोन होत? जेवले का?" मंजुषा म्हणायची, "आई, हे बाबा नाईत का आपले! उकंडराव!" त्यावर बेबी लाजून तोंडाला पदर लावायची.

"त्याइचं नाव घेऊ नये वं पोरी."

बेबीनं माझं नाव कधी घेतलं नाही. जुन्या वळणाची बाई. मी कायम 'हे'. हे आले, हे जेवले, ह्याइले खोकला झाला. आता मी समोर बसलेला असायचो आणि ती रस्त्याकडं बघत म्हणायची, "हे आले नाईत अजून." डॉक्टरनं सांगितलं होतं, नावं विचारत जा, आठवण जागी राहते. मी एकदा विचारलं, "बाई, तुमच्या मालकाचं नाव काय?" ती हसली आणि म्हणाली, "नाव नाई घेत आमी." आता सांगा, ती नाव विसरली होती की रीत पाळत होती? मला अजून कळलेलं नाही. पूर्वी हातातलीच वस्तू ती घरभर शोधायची तेव्हा मी थट्टेनं म्हणायचो, काखेत कळसा अन् गावाला वळसा, ते असं फिटलं.

एक गोष्ट मात्र काही दिवस लागू पडली. एका संध्याकाळी मी जीपस्टँडवरून येत होतो. हवेत धूळ होती, खोकला आला. फाटकातून आत शिरलो तर बेबी समोर उभी. "आले का? किती खोकून राह्यले!" आणि पळत तव्याकडं. मंजुषाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. त्यानंतर मी रोज संध्याकाळी मागच्या दारानं बाहेर पडायचो, वळसा घालून, हातात पिशवी घेऊन, खोकत पुढच्या फाटकातून यायचो. रत्नमाला भिंतीवरून बघायची आणि म्हणायची, "भाऊजी, या वयात नाटक जमते तुमाले." जमत होतं बाप्पा. त्या वाटीभर कडू रसासाठी मी दिवसभर संध्याकाळची वाट बघायचो. बेबी समोर बसून विचारायची, "लय काम होतं का आज?" मी म्हणायचो, "लय."

मग एका संध्याकाळी मी तसाच आलो, तसाच खोकलो, आणि बेबी फाटकाशी येऊन म्हणाली, "जय भीम, बाबाजी. ते घरी नाईत."

मी जय भीम केला आणि आत जाऊन खाटेवर पडून राहिलो. फार रडायला आलं. मंजुषानं चहा आणून ठेवला.

यंदाच्या हिवाळ्यात माझा खोकला खरंच वाढला. गोळ्या, बाटल्या सगळं चालू आहे. अडुळशाचा नुसता सांगाडा उरलाय, शेंड्याला थोडी पानं. बेबी त्याच्यापाशी राखण करत बसते. परवा रत्नमाला नातवासाठी पाला मागायला आली, तर बेबीनं तिला हाकलून दिलं. ही बाई कुणाला नाही म्हणते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

काल संध्याकाळी खोकून खोकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी झाडाकडं गेलो आणि एका पानाला हात घातला. बेबीनं माझं मनगट धरलं.

"तो पाला नका तोडू, बाबाजी."

"मले खोकला हाय."

"दिसून राह्यलं. पन हा आमच्या ह्याइचा हाय. आल्याबरोबर वाटी लागते त्याइले."

"एक पान द्या. एकानं काय होते?"

तिनं झाडाकडं पाहिलं. उरलेल्या पानांना एकेक करून बोट लावलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि तिलाच रडू यायला लागलं. मागणाऱ्याला रिकाम्या हातानं परत लावणं तिच्या स्वभावात नव्हतं, अजूनही नाही.

"बसा तुमी," ती म्हणाली. "ते आले का इचारीन त्याइले. नाई नाई म्हननार. तोंडानं कडू हायेत, पन मनानं नाई."

हे तिनं मला उभ्या जन्मात कधी सांगितलं नव्हतं. मी ओट्यावर बसलो. तिनं मला पाणी आणून दिलं आणि दोन हात अंतर ठेवून ती पण बसली. रस्त्यावरून जीप गेली की मान उंच करायची. थोड्या वेळानं मी पण करायला लागलो. काय करावं, मला सुचेना. मीच तो, हे ओरडून सांगावं तर ती घाबरते, आणि गप्प बसावं तर ती वाट बघत राहते.

तेवढ्यात उबळ आली. आवरली नाही. मी वाकून खोकलो, चांगला मोठ्यानं, जिनिंगच्या दिवसांत खोकायचो तसा. बेबी ताडकन उठली. तिचं तोंड उजळलं. माझ्या अंगावरून पुढं होऊन ती फाटकाशी गेली आणि रस्त्याकडं बघू लागली.

"आले वाटते! खोकला ऐकला ना तुमी, बाबाजी?"

"ऐकला," मी म्हणालो.

रस्त्यावर कुणी नव्हतं. ती फाटक धरून उभीच राहिली, आणि पुन्हा खोकला ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर रुमाल दाबून बसलो.