रंगुबाईच्या उजव्या कानात

मित्रांनो, मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. आमच्या गावात मला कानाची मशीन म्हणतात. माझ्यात काहीही बिघडलेलं नाही. सेल घातला तर मी आजही सुरू होईन. तरीही रंगुबाईच्या घरातल्या काचेच्या कपाटात, संपलेल्या औषधांच्या बाटल्यांशेजारी मी पडून आहे.

माझ्या पोटात एक बारीक माईक आणि एक बारीक स्पीकर आहे. बाहेरचा आवाज मोठा करून कानात सोडायचा, एवढंच मला कारखान्यात शिकवलं. पुढचं काम माझं नाही. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. तो आवाजाचे संदेश तयार करतो आणि एक नस ते संदेश मेंदूपर्यंत नेते. ती नसच अडचणीत असेल, तर मी कितीही ओरडून काय उपयोग? पण ज्यांनी मला शिबिरात लोकांना वाटलं, त्यांना हा प्रश्न पडलाच नाही.

कडेगावच्या एका मंगल कार्यालयात मोफत शिबिर होतं. कान तपासायला शांत खोली लागते. तिथं माईकची खरखर होती, हार-तुरे होते, भाषणं होती. रंगुबाई जवळच्याच गावातून आली होती. घरी ऊस, दोन म्हशी, आणि मुलगा जयराज सैन्यात. त्याचा फोन आला की ती उजव्या कानाला लावायची आणि गोंधळून जायची. तिनं टेबलामागच्या माणसाला नीट सांगितलं, “ह्या एकाच कानाला हाय बगा. पोराचा आवाज येतो, पर बोललेलं कळत न्हाई. फोन डाव्या कानाला लावला की समदं कळतंय. आन आत सारखं शूं शूं वाजतंय.”

“वय झालं की होतंच, मावशी,” तो म्हणाला आणि त्यानं मला तिच्या कानात बसवलं. टाळ्या वाजल्या. पाहुण्यांबरोबर फोटो निघाला. त्या दिवशी झालं तेवढं माझं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

घरी आल्यावर मी जीव तोडून काम केलं. भांडी आदळली की रंगुबाई दचकायची, पण माणसाचं बोलणं तिला कळायचं नाही. मी काही आठवड्यांतच नकोशी वस्तू झालो. तिचा नवरा भाऊसो चिडायचा. “एवढी मशिन दिली, तरी तुझं आपलं काय म्हनलासा, काय म्हनलासा!”

“आवाज येतोय वं, शबुद येत न्हाई.”

“सवय कर की जरा.”

कानातल्या आवाजाचा दोषही माझ्यावरच आला. मशीन शिट्टी मारते, असं सगळे म्हणाले. “काढून ठिवली तरी वाजतंय,” असं ती परत परत सांगत होती. पण मशीन मिळाली म्हणजे आजार मिटला, असं घरानं ठरवून टाकलं होतं.

पुढं ती चालताना झोकांड्या खाऊ लागली. एकदा वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येताना ती उसाच्या सरीत पडली. भाऊसो म्हणाला, “बघून चालत जा की गं!” मग तिचा उजवा गाल बधिर झाला. चहा उकळता होता. ओठ भाजला, तरी तिला कळलं नाही. ते सुनेनं, क्रांतीनं, पाहिलं आणि कुणालाही न विचारता ती सासूला एसटीनं सांगलीला, विश्रामबागेत घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टर मदिहा मुजावर यांनी मला कानातून काढून तळहातावर घेतलं. “हे द्यायच्या आधी, एकाच कानाला का होतंय, हे कुणी तपासलं का?”

“न्हाई. वय झालं म्हनले,” क्रांती म्हणाली.

डोक्याचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी चित्रावर बोट ठेवून समजावलं, “मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यातली आठवी नस ऐकू आणते आणि शरीराचा तोलही सांभाळते. तिच्यावर गाठ आलीय. कॅन्सर नाही, पण गाठ मोठी झालीय. चेहरा हलवणारी सातवी नस आठवीला चिकटूनच जाते, ती ताणलीय. गालाला स्पर्श कळतो तो पाचव्या नसेमुळं. गाठ आता तिलाही दाबतेय. कान सगळ्यात आधी सांगत होता.”

“म्या पन सांगत हुतो की वं,” रंगुबाई म्हणाली.

पुण्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला. आठवी नस गेली आणि तो कान कायमचा बंद झाला. सातवी नस ताणून इतकी पातळ झाली होती की तीही सावरली नाही. रंगुबाईचा उजवा डोळा आता पुरता मिटत नाही. हसताना निम्मंच तोंड हसतं. गाठ लहान असताना कळली असती तर चेहरा बहुतेक वाचला असता, असं डॉक्टर म्हणाल्या.

परवा शेजारची शालूबाई आली. “तुजी मशिन पडूनच हाय. मला दे की. माज्या डाव्या कानाला कमी येतंय.”

“एकाच?”

“व्हय.”

“मग न्हाई देत. आधी विश्रामबागला जा. क्रांती यील संगं.”

“मशिन मागितली तर दवाखाना दावतीस व्हय गं? लय चिकट झालीस,” असं म्हणून शालूबाई तोंड फिरवून गेली. पुढच्या शिबिरात तिला नवं यंत्र मिळालं. तिचाही फोटो निघाला.

मित्रांनो, मला फुकट वाटत सुटणाऱ्यांवर माझा राग आहेच, पण मला कानात बसवून निश्चिंत झालेल्यांवर जास्त आहे. तुमच्या घरात कुणी म्हणालं, की एकाच कानानं नीट कळत नाही, तर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं न्या आणि त्या आठव्या नसेची तपासणी करून घ्या. मशीन नंतर घ्या. आमच्यासारखी यंत्रं खोकी भरभरून येतात. रंगुबाईची ती नस कुठल्याच खोक्यातून येणार नाही.