वरच्या खोलीतलं नेट

हरिबांनी एखादं काम "मी करतो" म्हटलं, की वैजयंतीबाई देवाजवळ दिवा लावायच्या. नळाचा वायसर बदलतो म्हणाले, तेव्हा घरात घोटाभर पाणी साचलं होतं. पंख्याला तेल घालतो म्हणाले, तेव्हा पंखा गप्प झाला तो कायमचाच. आणि आता हा गृहस्थ खालच्या खोलीतलं इंटरनेट वरच्या खोलीत नेणार होता. तेही वायरीनं, तेही शनिवारी दुपारच्या आत.

एरवी बाईंनी चालवून घेतलं असतं. सोलापूरच्या एस्टी स्टँडवर हरिबांची जन्मभर कंट्रोलरची नोकरी, माइकसमोर बसून गाड्या सोडायची सवय. निवृत्तीनंतर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणजे माणूस घरात काहीतरी उपद्व्याप करणारच, हे त्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. पण या वेळी प्रश्न सृष्टीचा होता.

सृष्टी त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात कंपनीत नोकरीला, आणि आता सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून वैजयंतीबाईंनी डिंक, खारीक, आळीव असं सगळं आणून ठेवलं होतं. वरची खोली झाडून, पुसून, खिडकीला नवा पडदा लावून तयार होती. त्या खोलीत एकच उणं होतं. खालच्या डबीतलं वायफाय तिथपर्यंत पोचता पोचता दमून जायचं. दिवाळीला सृष्टी आली होती, तेव्हा तिचे साहेब बोलता बोलता पडद्यावर पुतळा होऊन बसायचे. शेवटी पोरगी लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली होती. सातव्या महिन्यातल्या बाईला पायरीवर कोण बसवणार? खाली बसवावं, तर पाहुणे, मिक्सर आणि हरिबांचा टीव्ही.

साहेब म्हणाले होते, रजा लागेपर्यंत सोलापुरातून काम करा, पण नेट वायरीचं हवं, मध्येच तुटणारं नको. डॉक्टर म्हणाल्या होत्या, प्रवास करायचा तर या रविवारी करा, मग नको. सृष्टीनं या दोन्ही अटी आईच्या पदरात टाकल्या होत्या. "आई, शनिवारी दुपारी वरच्या खोलीतून मला व्हिडिओ कॉल करा. नीट चालला तर रविवारी निघते. नाहीतर सासूबाई म्हणतायत, इथंच होऊ दे, मी करते सगळं." सासूबाई मोठ्या मायेच्या होत्या. खरी पंचाईत तीच होती. त्या जरा खाष्ट असत्या, तर वैजयंतीबाईंना भांडायला काहीतरी सापडलं असतं.

नेटवाला सोहेब वळसंगला नव्या लाइनीच्या कामाला गेलेला. जाताना तो घरी येऊन सामान ठेवून गेला होता. "काका, मी सोमवारी येऊन लावून देतो."

"सोमवारी काय उपेग? ठिव हितं. मी करतो."

झालं. बाईंनी देवाजवळ दिवा लावला.

पण खरं सांगायचं, तर शनिवारची सकाळ मजेत सुरू झाली. डिश टीव्हीची जुनी वायर भिंतीतल्या पाइपातून वर गेलेली होती. हरिबांनी खालून तिच्या शेपटीला नवी वायर बांधली आणि वरून वैजयंतीबाईंनी जुनी ओढायला सुरुवात केली. "येऊ द्या, येऊ द्या!" त्या वरून ओरडत होत्या आणि "हळू, वैजा, हळू!" हरिबा खालून. जुनी वायर सगळी बाहेर आली आणि तिच्यामागून निळ्या अंगाची नवी वायर पाइपातून डोकावली, तेव्हा बाईंनी टाळ्याच वाजवल्या. हरिबा धापा टाकत वर आले. दोघं त्या वायरीकडे नातवंड बघावं तशी बघत राहिली.

इथं थांबले असते तर ते हरिबा कसले? लोंबकळती वायर बरी दिसत नाही म्हणून त्यांनी वरची जादा वायर कापली. खालचीही कापली. आणि पाइपातून पाल शिरते म्हणून खाली पाइपाचं तोंड पांढऱ्या सिमेंटनं लिंपून टाकलं. बाई चहा ठेवायला गेल्या होत्या, तेवढ्यात हे सगळं उरकलं.

मग प्लग बसवायचं काम निघालं. वायरीचं साल सोललं की आत आठ बारीक तारा. शेंदरी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांची एकेक जोडीदारीण. ठरलेल्या क्रमानं त्या प्लगमध्ये सारायच्या, पकडीनं दाबायच्या, दोन्ही टोकांना अगदी तस्संच. मग सोहेबनं दिलेली तपासणीची जोडी लावायची, एक डबी खाली, एक वर. आठ दिवे ओळीनं लागले की काम फत्ते.

हरिबांनी मोबाइलवर क्रम लावून ठेवला, चष्मा चढवला, खालचा प्लग बसवला, वरचा बसवला. दिवे लागले. पहिला, दुसरा, आणि मग एकदम सातवा.

"वायरच खराब हाय," हरिबा म्हणाले.

प्लग कापला, पुन्हा साल सोललं, पुन्हा बसवला. आता दिवे आणखीनच वेडेवाकडे पळाले. या खेपेला प्लग खराब निघाले. त्यापुढच्या खेपेला पकड. मग त्यांनी सोहेबला फोन लावला.

"काका, रंग बघून लावताय ना?" सोहेबनं विचारलं.

"मग काय डोळं झाकून लावतोय व्हय? रंगच बघतोय की!"

प्रत्येक खेपेला वायर बोटभर तुटत होती. दुपार होत आली, तेव्हा पाइपातून बाहेर आलेली वायर चार बोटं उरली होती. खालून ओढून घ्यावी, तर तिथं सिमेंट दगडासारखं वाळलेलं. वैजयंतीबाईंनी त्या चार बोटांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याच्या सासूबाई डिंकाचे लाडू वळताना दिसायला लागल्या. त्यांचा ताबा सुटला.

"थांबा! आता एकदा कापलं की संपलं सगळं. मला बघू द्या, काय करताय ते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाय कळत, तर न्हाय. बसणार मी हितंच."

त्या मांडी घालून शेजारी बसल्या. हरिबांनी तारा पंख्यासारख्या पसरल्या, मोबाइलमध्ये बघितलं, पुटपुटले, "आता हिरवा पट्टा," आणि तपकिरी पट्ट्याची तार उचलली.

"अहो, ही तपकिरी हाय."

"हिरवीच हाय की."

"चेष्टा करायची येळ हाय का ही?"

"वैजा, चेष्टा कोण करतंय? ही हिरवी, अन् ही तपकिरी." त्यांनी शेजारची हिरवी तार दाखवली. चेहरा अगदी सरळ. शिवाय थोडा वैतागलेला.

बाई उठल्या. खाली जाऊन शिवणाचा डबा घेऊन आल्या आणि तो त्यांच्या पुढ्यात उघडला. "ह्यातलं गर्द हिरवं रीळ द्या मला."

हरिबांनी तपकिरी रीळ काढून दिलं. बाजारात भाजी निवडावी तितक्या बिनधास्तपणे.

वैजयंतीबाईंनी ते रीळ उजेडात धरून बघितलं.  मग त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या डोहाळजेवणाची साडी कुटल्या रंगाची होती हो?"

"आता हे काय मधीच? हिरवी. आंब्याच्या पानासारखी. सोलापुरात धा दुकानं फिरून आणली होती."

"ती तपकिरी होती."

हरिबांनी पकड खाली ठेवली.

त्या दिवसाचं वैजयंतीबाईंना सगळं आठवत होतं. मंगळवेढ्याचं सासरचं घर, अंगणात बायका जमलेल्या, फुलांनी सजवलेला झोपाळा. हिरवा चुडा भरून झालेला. डोहाळजेवणाची हिरवी साडी नवरा सोलापूरहून घेऊन येणार म्हणून सगळ्या थांबलेल्या. हरिबा एस्टीतून उतरून थेट आले, सगळ्यांसमोर पुडकं सोडलं आणि म्हणाले, "घे, आंब्याच्या पानासारखी हिरवीगार आणलीय." आत मातकट तपकिरी साडी. बायकांनी तोंडाला पदर लावले. नणंद म्हणाली, "दादा लई चेष्टेखोर बाई!" वैजयंतीनं तीच साडी नेसली आणि झोपाळ्यावर बसली. त्या दिवसापासून तिच्या मनात एक काटा रुतून बसला होता: या माणसानं ऐन माझ्या कौतुकाच्या दिवशी, पोटात लेकरू असताना, चारचौघींत माझं हसं केलं. पुढं संसार सुखाचा झाला. पण काटा होताच.

आज तो काटा त्यांनी बोलून दाखवला, पहिल्यांदा. शब्दांची काटछाट न करता.

हरिबांचा चेहरा उतरला. "म्हंजे ती हिरवी नव्हती?"

"न्हाय."

"अगं, दुकानदाराला डोहाळजेवण सांगायची मला लाज वाटली. म्हणून माझी मीच निवडली." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. आत त्या दिवसाचा फोटो होता, कडा झिजलेला. बाईंना याचा पत्ताच नव्हता. "स्टँडवर असताना रोज बघायचो. म्हणायचो, हिरव्या साडीत आपली बायको काय दिसते! अन् तू येवढी वर्सं..." त्यांनी फोटो बाईंच्या हातात दिला. "मला सांगायचं न्हाय व्हय, वैजा?"

"काय सांगणार? मला वाटलं, तुमाला ठाऊकच हाय."

फोटोतली ती फुगलेल्या गालांची, तपकिरी साडीतली पोरगी बघता बघता वैजयंतीबाईंना हसू फुटलं. आधी जरासं, मग पोट धरून. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. कसला राग धरून बसलो होतो आपण, आणि कुणावर! या वेड्या माणसाला हिरवं-तपकिरी नीट ओळखूच येत नव्हतं, आणि तरी त्यानं दहा दुकानं पालथी घातली होती. त्यांनी हरिबांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि दोघं दिवसाढवळ्या, दार सताड उघडं असताना, तशीच हसत बसली.

"उठा," शेवटी बाईच म्हणाल्या. "पोरीचा फोन राहिलाय. तारा मी लावते. दाबायला तुमचा हात पायजे."

शाळेत जायच्या घाईत सृष्टीच्या वेण्या घालणारी त्यांची बोटं होती. एकेक तार सरळ केली, क्रम लावला, प्लगमध्ये सारली. हरिबांनी पकड दाबली. मग खाली जाऊन तिकडचा प्लगही नव्यानं केला. हरिबा तपासणीची डबी घेऊन वर उभे. दिवे लागायला लागले. एक, दोन, तीन... आठवा लागला, तेव्हा हरिबांनी अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या दाक्षायणीबाई गच्चीवर धावत आल्या.

सृष्टीचा जुना लॅपटॉप वरच्या खोलीत होताच. खालचं टोक नेटच्या डबीत खोचलं, लॅपटॉप पाइपाच्या तोंडाशी आणून त्याला वायर लावली, कॉल लावला. सृष्टी दिसली, लख्ख, कानातल्या कुड्यांसकट. बोलता बोलता पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. कुठं अडखळ नाही. मग हरिबांनीच विषय काढला आणि आपली साडीची गोष्ट स्वतःच लेकीला सांगितली. दहा दुकानं, दुकानदाराची लाज, पाकिटातला फोटो, सगळं. मध्ये मध्ये वैजयंतीबाई भर घालत होत्या. त्या फोटोत तू पण हाईस की, पोटात, असंही हरिबांनी सांगितलं.

गोष्ट संपली आणि पडद्यावर सृष्टी जागच्या जागी थांबली. डोळे तसेच, ओठ तसेच. हलेना की बोलेना.

वैजयंतीबाई पडद्याजवळ सरकल्या. दिवाळीला साहेब असेच थांबायचे. "अडकलं," त्या म्हणाल्या. हरिबा वायर चाचपायला वाकले.

तेवढ्यात सृष्टीच्या गालावरून एक थेंब घरंगळत खाली आला.

"काही अडकलं नाही, आई," तिनं ओढणीनं नाक पुसलं. "दिसतंय मला सगळं. ऐकूही येतंय. उद्या सकाळी निघते. वरची खोली आवरून ठेव."