दुपारी बाराचा पाऊस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अंगाने चार कपाटांएवढा आणि स्वभावाने, खोटं कशाला बोलू, उतावळा.

कारागिरांनी मला तारांनी विणलं आणि हवामान केंद्रातल्या थंडगार खोलीत बसवलं. तिथे मी जागेपणी स्वप्नं पाहायचो. माझ्या स्वप्नात अख्खी पृथ्वी चौकोनाचौकोनांची असे. उन्हाळ्यात दोन बाजूंचे वारे एका लांबलचक पट्ट्यात एकमेकांना भिडत, तापलेली हवा वर चढे, ढगांवर ढग रचले जात आणि पाऊस कोसळे. पट्ट्याची जागा मी अचूक सांगायचो. वेळ मात्र चुकायची. ऊन तापलं रे तापलं की बाराच्या ठोक्याला पाऊस पाडून मी मोकळा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"याला जेवणाच्या सुट्टीतच भिजायची हौस," साहेब हसायचे.

माझं काम पाहणाऱ्या ताई मात्र हसत नसत. त्या रोज खिडकीतून ढग बघत आणि वहीत वेळ टिपून ठेवत.

एका दुपारी त्यांच्या लेकीच्या, मुंगीच्या वर्गशिक्षकांचा फोन आला. "ताई, चारनंतर मुलांना नदीकाठी नेतोय. पाऊस नाही ना?"

माझं भाकीत होतं, बाराला पाऊस आणि चारला उघडीप. घड्याळात एक वाजून गेला होता आणि बाहेर रखरखीत ऊन होतं.

"बाराला पडून संपायचा तो पाऊस अजून वरच आहे," ताई म्हणाल्या. "सर, आज नका नेऊ."

"हे आई बोलतेय की शास्त्रज्ञ?" साहेबांनी विचारलं.

"दोघींनाही हे आभाळ पटत नाहीये, साहेब."

चार वाजले. ऊन तसंच. मुंगीने फोनवरच कट्टी घेतली. ताई नखं कुरतडत बसल्या. पावणेपाचला आभाळ काळवंडलं आणि सव्वापाचला असा कोसळला की नदी काठावरच्या बाकांवरून वाहू लागली. मुलं वर्गात कोरडी होती. पुन्हा फोन वाजला.

"आई," मुंगी म्हणाली, "तू घरी कशी येणार गं?"

पुढे कित्येक महिने ताईंनी मला धीर शिकवला. वर चढणारा ढग भोवतालची कोरडी हवाही पितो, म्हणून त्याला वाढायला वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं. माझा पाऊस हळूहळू संध्याकाळकडे सरकला. लोकांनी पाठ थोपटली. मग नवं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. चालायचंच.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. आमच्यावर विश्वासही ठेवा. पण तुमचं माणूस नदीकाठी निघालं असेल, तर आमचं ऐकून झाल्यावर एकदा स्वतः वर बघा. आम्ही आभाळ मोजतो; त्याखाली आमचं कुणी नसतं.