दुसरी पट्टी

भावजींनी कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीत रॅमची दुसरी पट्टी अंगठ्याने दाबून बसवली आणि गड सर केल्यासारखे हात झटकले.

"आधीची वेगळ्या वेगाची आहे," ती म्हणाली. "दोन्हींचं जमेल?"

"खाचेत बसली ना? मग जमलंच! मेमरी ती मेमरी, मेहुणीबाई."

पट्टीवरचा आकडासुद्धा त्यांनी वाचला नव्हता. ताईचा हा नवरा कारखान्याच्या गोदामात नोकरीला. ताईचं घर त्याच पगारावर चालायचं, आणि नोकरी सोडून कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान काढायचा विषय त्यांनी काढला की ताई त्यांना थोपवायची.

"तुझं मशीन म्हणजे आमची परीक्षा," भावजी म्हणाले. "हे पळालं की नोकरीला रामराम."

असले रामराम तिने ढिगाने ऐकले होते. तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला, तोही अर्धाच कप.

ते गेल्यावर तिने गिऱ्हाइकाच्या बंगल्याचा नकाशा उघडला. छप्पर रेखाटता रेखाटता स्क्रीन निळा पडला आणि मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळा. तिने भावजींची पट्टी उपटून ड्रॉवरमध्ये फेकली. मशीन पूर्वीसारखं रखडत का होईना, चालू लागलं.

संध्याकाळी भावजींचा फोन आला.

"काय, पळतंय का?"

खरं सांगावं तर स्वारी पेचकस घेऊन पुन्हा दारात, वर तासभर व्याख्यान. या माणसाशी खरं बोलण्याचे कष्ट कोण घेणार!

"सुसाट."

"नक्की ना? तुझ्या शब्दावर आहे हं."

"अहो, जादू आहे तुमच्या हातात." फोन ठेवून ती पोट धरून हसली.

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. इतका मोकळा आवाज तिने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"अगं, यांनी राजीनामा दिला. आज मंजूरही झाला!"

"तू... तू देऊ दिलास?"

"मीच म्हटलं, द्या. तू कधी कुणाचं खोटं कौतुक करत नाहीस. तू वाखाणलंस म्हणून मला धीर आला."

इतके दिवस भावजींसाठी राखून ठेवलेली किळस तिला आता स्वतःचीच आली.

"ऐकतेस ना?" ताई म्हणाली. "दुकानात पहिल्या दिवशी तुझं मशीन मांडायचं म्हणतायत. गिऱ्हाइकांना चालवून दाखवायला."

तिने ड्रॉवर उघडला. पट्टी कोपऱ्यात पडली होती.

"न्यायला कधी येणार?" तिने विचारलं.